कालची जखम

व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा जाताना काय न्यायचं, हा प्रश्न पुण्यात फार छळत नाही. बाकरवडी न्यायची, आणि दुसरं काही सुचलं नाही तर आणखी बाकरवडी न्यायची. मी तेच केलं. माझी सून स्वाती पिशवीकडे बघून नुसती हसली. तिच्या माहेरी, पांढुर्ण्याला पोचल्यावर तिच्या आईनं ती पिशवी मोठ्या आदरानं फळीवर ठेवली आणि आम्ही निघेपर्यंत उघडली नाही. काय समजायचं ते मी समजले.

लग्न नागपूरला झालं होतं, त्यामुळे पांढुर्णा मी पाहिलं नव्हतं. "आई, पोळ्याला चला. आमचा पोळा बघितला नाही तर काय बघितलं," असं स्वाती दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी माझं काहीतरी निघायचं. यंदा मुलगा कामासाठी बाहेरगावी होता, म्हणून आम्ही दोघीच निघालो. मध्य प्रदेशात जातोय हे स्टेशनवरच्या हिंदी पाटीवरून कळलं. पाटीखाली उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडी मात्र मराठी होतं, आणि ते माझ्या मराठीपेक्षा जास्त मोकळं होतं.

पांढुर्णा, पोळा

व्याही दौलतराव साठीच्या पुढचे, उंच, आवाज भरलेला. शहरात घर आणि बाहेर थोडी शेती, त्यात कापूस आणि संत्री. डावा पाय किंचित ओढत चालायचे. विहीणबाई निर्मलाबाई कमी बोलणाऱ्या. पहिल्या तासाभरात त्यांनी मला तीनदा चहा दिला आणि एकदाही समोर बसल्या नाहीत. आमच्याकडे व्याही-विहिणी एकमेकांची नावं घेऊन गप्पा मारतात. इथे मी 'इहीणबाई' होते, आणि इहीणबाईंनी खुर्चीवरून हलायचं नव्हतं.

प्रवासात माझं काम काय ते सारखं सांगावं लागतं, आणि ते सांगायला अवघड आहे. मी एका प्रयोगशाळेत पेशी चालताना बघते. शरीरातल्या पेशी भिंतीतल्या विटांसारख्या आपापल्या जागी बसलेल्या असतात, असं बहुतेकांना वाटतं. पुष्कळशा बसलेल्या असतातही. काही मात्र चालतात. काचेच्या बशीत पेशींचा एक पातळ थर वाढवायचा, त्यात मधोमध एक ओरखडा काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून ठेवायचा. दोन्ही काठांवरच्या पेशी पुढे पाय पसरतात, अंग ओढून घेतात, पुन्हा पाय पसरतात. अशा सरकत सरकत त्या मधल्या रिकाम्या जागेत येतात, एकमेकींना भेटतात आणि थांबतात. बोट कापल्यावर कातडी भरून येते ती अशीच. मला त्या चालण्यापेक्षा थांबण्याचं नवल जास्त वाटतं. मी इतकी वर्षं मुख्यतः तेच बघत आले आहे.

अशी एक छोटी फिल्म माझ्या मोबाइलमध्ये असते. दौलतरावांनी विचारलं तेव्हा मी ती दाखवली. त्यांनी मोबाइल हातभर लांब धरून ती दोनदा पाहिली.

"हे तं आमची गोटमार हाये न," ते म्हणाले. "दोन काठ, मंधात नदी, अन् दोन्हीकडचे पब्लिक मंधात येऊन राहिले."

"पण यांच्या हातात दगड नाहीत."

"मंग कायची गोटमार?" त्यांनी मोबाइल परत केला.

दुपारी बैल सजले. आमच्या पुण्यात मातीचे बैल विकत आणून पाटावर ठेवतात. इथे खऱ्या बैलांना शिंगांना बेगड, गळ्यात घुंगूरमाळा, पाठीवर झूल. घराघराच्या दाराशी पळसाच्या फांद्या लावलेल्या होत्या. दौलतरावांच्या जोडीतला एक बैल बांडा होता, तपकिरी अंगाचा, कपाळावर मोठा पांढरा डाग आणि पोट पांढरं. सगळी गल्ली त्यालाच बघायला येत होती.

न विचारता माहिती द्यायची मला सवय आहे. मी सांगितलं, की वासरू गाईच्या पोटात असताना रंगाच्या पेशी पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि दोन्ही बाजूंनी खाली चालत जातात. सगळ्यांत लांबचा मुक्काम म्हणजे कपाळ, पोट आणि पाय. कुठे पेशी कमी पडल्या किंवा उशीर झाला तर लांबची गावं कोरी राहतात, म्हणून डाग बहुतेक तिथेच दिसतात.

"म्हंजे याच्या कपायावरचा चांद म्हंजे रंगवाले पोचलेच नाई?" दौलतराव थोडे दुखावले. "मी तं समजत होतो, देवानं मुद्दाम ठेवला."

"नाई पोचले म्हनून तं साजरा दिसून राहिला," निर्मलाबाई म्हणाल्या. त्या दिवसातलं त्यांचं हे पहिलं लांब वाक्य होतं.

जेवायला पुरणपोळी. आमची पोळी कागदासारखी पातळ, इथली तळहाताएवढ्या जाडीची वाटावी इतकी पुरणानं भरलेली, आणि तूप त्यावर वाढत नाहीत तर पोळी तुपात बुडवतात. सोबत कढी आणि वडे. मी दुसरी पोळी नको म्हटलं, तर दौलतरावांनी स्वातीला विचारलं, "तुही सासू बिमार हाये काय?" मग मी दुसरी खाल्ली.

दुसरा दिवस, जाम नदी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि पलीकडचं सावरगाव यांच्यामध्ये नदीच्या पात्रात पळसाचं झाड उभं करतात, त्याला झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड मारतात. हीच गोटमार. ज्या गावाचा माणूस झेंडा काढेल ते गाव जिंकलं. फार पूर्वी एका काठाच्या मुलानं दुसऱ्या काठाची मुलगी पळवली आणि नदीतच दोघांना गाठलं, त्याची ही आठवण, असं सांगतात. हे बरं की वाईट यावर पुण्यात बसून मत देणारे पुष्कळ आहेत. मी एका नातेवाइकांच्या गच्चीवर पोहे खात बघत होते, म्हणजे मत द्यायचा माझा हक्क तिथेच गेला.

वरून दगड दिसत नव्हते, फक्त माणसांच्या कडा हलताना दिसत होत्या. पुढची फळी पात्रात सरकायची, मागचे तिला चिकटून यायचे, मग एकदम सगळे मागे. मी बशीकडे बघावं तसं बघत राहिले आणि थोड्या वेळानं माझी मलाच लाज वाटली. खाली माणसं होती, डोकी फुटत होती. काठावर औषधोपचाराचे तंबू होते आणि जखमी तिथे जात होते.

मी दौलतरावांना शोधत होते. ते पात्रात नव्हते. दिसले ते तंबूबाहेरच्या रांगेत, सावलीत, पायजमा डाव्या गुडघ्यापर्यंत दुमडलेला, बँकेत नंबर यायची वाट बघावी तसे शांत उभे. आम्ही गच्चीवर यायच्या आधीच त्यांना लागलं असावं, असं मी गृहीत धरलं.

संध्याकाळी ते नडगीवर पांढरीशुभ्र पट्टी बांधून घरी आले. निर्मलाबाईंनी दारातच त्यांना ओवाळलं. गल्लीतली माणसं येऊन ओट्यावर बसली. जवळपास प्रत्येकाला कुठे ना कुठे पट्टी होती, आणि ज्यांना नव्हती ते आपोआप मागे बसत होते.

"कुठं लागला, दौलतभाऊ?"

"नदीत उतरतानी. गोटा कुठून आला दिसलाच नाई."

एक म्हातारेसे गृहस्थ म्हणाले, "आपल्याले तं लागतच नाई बाप्पा." कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं ते उठून गेले. पट्टी नसलेल्या माणसाला त्या संध्याकाळी बोलायला फारसं काही नसतं, हे मला तेव्हा कळलं. एवढं कळूनही त्याचा अर्थ लागायला मला आणखी एक दिवस लागला.

जामसांवली करून सौंसर

तिसऱ्या दिवशी निर्मलाबाईंच्या माहेरी, सौंसरला जेवण होतं. त्यांचे धाकटे भाऊ गुलाबराव यांनी गाडी पाठवली. वाटेत जामसांवलीला हनुमानाचं दर्शन घ्यायचं ठरलं. गाडीत काचा बंद केल्यावर एक वास येऊ लागला, गोडसर आणि कुजका. मी काच खाली केली. स्वातीनंही केली. दौलतराव बाहेर कपाशीकडे बघत राहिले.

जामसांवलीला गर्दी होती. निर्मलाबाईंनी एका छोट्या बाटलीत तीर्थ घेतलं आणि दौलतराव चपला शोधत असताना हळूच त्यांच्या पट्टीवर दोन थेंब सोडले.

"कालच तर लागलंय," मी म्हटलं. "बरं होईल आठवड्यात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि गाडीत जाऊन बसल्या.

सौंसरच्या बाहेर गुलाबरावांची बाग आहे. फळं अजून हिरवी होती, पानांतून ओळखू न येण्याइतकी. बोअरचं पाणी पाटातून वाहत होतं. जेवणाला वेळ होता म्हणून गुलाबरावांच्या घरून पाटवड्यांची ताटली आली. दौलतराव दिसेनात, तेव्हा मी ती ताटली घेऊन त्यांना शोधत निघाले. इहीणबाईनं खुर्चीवरून हलायचं नसतं हा नियम मी त्या दिवशी मोडला.

ते एका झाडाआड पाटाच्या कडेला बसले होते. पट्टी सोडली होती आणि पाय पाण्यात धुत होते.

नडगीवर तळहाताएवढी जागा होती. भोवतीची कातडी जुन्या व्रणासारखी पातळ, चकचकीत. मध्ये लाल, ओलं मांस. खालच्या बाजूची कड मात्र जाड, टणक, बाहेर उलटलेली, फुलकोबीच्या तुकड्यासारखी, आणि पाणी लागताच तिच्यातून रक्त झिरपत होतं.

विचार करायच्या आधीच माझ्या तोंडून निघालं, "ही जखम कालची नाही."

त्यांनी वर पाहिलं नाही. "कालची नाई तं कवाची?"

"ते तुम्ही सांगा. कालच्या जखमेला अशी कड नसते, दौलतराव. कड व्हायला पेशींना बाजूनं चालत यावं लागतं, त्याला दिवस लागतात. आणि चांगली कड पातळ असते, दुधावरच्या सायीसारखी. ही तशी नाही."

माझ्या मागे कुणीतरी थांबलं होतं. पाण्याचा तांब्या घेऊन आलेले गुलाबराव. "म्हंजे काल गोटा लागलाच नाई काय, भाऊजी?"

बायकोच्या माहेरी, धाकट्या मेहुण्यासमोर आणि विहिणीच्या तोंडून. यापेक्षा वाईट जागा मला शोधूनही सापडली नसती. दौलतरावांनी पट्टी गुंडाळली, गाठ मारली आणि उठले.

"इहीणबाई," ते म्हणाले, "तुमच्या पुन्यात इवायाचा पाय असा उघडा पायतात काय?" आणि झाडांमध्ये चालू लागले. जेवायला आले नाहीत.

जेवण कुणालाच गेलं नाही. निर्मलाबाईंनी हात धुतले आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर बसल्या.

"स्वाती पोटात होती तवा लागला थो गोटा," त्या म्हणाल्या. "भरला. पावसायात पुन्हा फुटला. भरला. पुन्हा फुटला. आधी हे खेयायचे. मंग गुडघे गेले, नदीत उतरनं बंद झालं. पन गल्लीत संध्याकायी बिनापट्टीचं कसं बसावं? म्हनून पोयाच्या राती गरम पानी घेऊन खपली काढतात. सकायी तंबूत जातात. डॉक्टर दर साली नवा राह्यते. तो म्हनते ताजी जखम हाये, पट्टी करून देते."

"माय, मले काहून नाई सांगितलं?" स्वाती रडायच्या बेतात होती.

"तुह्या बापाची इज्जत होती ते."

"आणि यंदा?" मी विचारलं.

"यंदा हिवायातही भरली नाई. अन् जांघेत अवधाण आलं हाये, लिंबाएवढी गाठ."

मला भीती वाटली. बशीतल्या पेशींबद्दल मला कधी भीती वाटत नाही, त्या कुणाच्या होत्या हे आम्हाला माहीतही नसतं. या पेशींना घर होतं, आणि त्या घरातलं पुरण मी दोन दिवस खात होते. आपण डॉक्टर नाही, आपण फक्त बघणारे, हे मी स्वतःला बजावलं आणि जेवढं माहीत होतं तेवढंच सांगितलं.

जखम उघडली की काठावरच्या पेशींना बोलावणं येतं. त्या वाढतात, चालतात, जागा भरतात आणि एकमेकींना लागल्या की थांबतात. पण तीच जखम वर्षानुवर्षं उघडत राहिली तर त्यांना पुन्हापुन्हा वाढावं आणि निघावं लागतं. इतक्या वेळा वाढताना कधीतरी काही पेशींमध्ये चूक होते आणि त्या थांबणं विसरतात. भेट झाली तरी त्या थांबत नाहीत, ढीग करतात आणि खाली मांसात शिरतात. तसं झालं असेल तर तो कॅन्सर. तो असेलच असं नाही, पण कड तशी दिसते. तुकडा काढून तपासायला हवा.

"अन् अवधाण?" गुलाबरावांनी विचारलं.

"तेच अवघड आहे. जखम पिकली की पांढऱ्या पेशी लढायला निघतात आणि जांघेतल्या गाठीत जमतात, त्यानं गाठ सुजते. आणि कॅन्सरच्या पेशी पायातून निघाल्या तर त्यांचाही पहिला थांबा तीच गाठ. बाहेरून हात लावून कोण जमलंय ते कळत नाही. सुई घालून बघावं लागतं."

गुलाबरावांकडे कलमांची रोपवाटिका होती. बोलणं थांबल्यावर काय करावं हे कुणालाच सुचेना, तेव्हा ते मला रोपं दाखवायला घेऊन गेले. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा बांधलेला, सांधा नीट जुळून आलेला. मी न राहवून म्हटलं, की झाडाच्या पेशी चालत नाहीत. प्रत्येक पेशी आपल्या भिंतीत कोंडलेली असते. सांधा भरतो तो जागच्या जागी वाढून. म्हणून झाडाला गाठी आल्या तरी त्या माणसातल्यासारख्या अंगभर हिंडत नाहीत.

"मंग झाडच बरं," मागून आवाज आला. दौलतराव पाणी प्यायला आले होते.

निर्मलाबाईही मागोमाग आल्या होत्या. त्या नवऱ्याला माझ्यासमोर असं कधी बोलल्या नव्हत्या. आता बोलल्या.

"झाडाले डिंक्या झाला तं तुम्ही काय करता?" बागेतल्या एका झाडाच्या बुंध्यातून डिंक गळत होता, त्याकडे त्यांनी बोट केलं. "फडकं गुंडायता? का साल खरवडून पायता कुठपर्यंत सडली थे? गेल्या साली आपल्या बागेतल्या झाडाची साल हिरवी लागेपर्यंत खरवडली तुम्ही. म्या पायलं. अन् सोताच्या पायाले पट्टी बांधून गल्लीत दाखवता."

दौलतराव गळणाऱ्या डिंकाकडे बघत राहिले. मेहुणा रोपांकडे बघत होता, मी चपलांकडे.

"गल्लीत काय सांगायचं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"सांगू, गोटा खोल गेला," गुलाबराव म्हणाले.

निर्मलाबाईंनी ताट वाढून आणलं. दौलतराव जेवले. पाटवडीचा रस्सा इतका तिखट होता की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आधीच येत होतं, रश्शामुळे ते कुणाला कळलं नाही.

नागपूर

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो. रस्त्यात दौलतरावांनी माझ्याशी बोलणं सुरू केलं. मला वाटलं होतं, ते परत कधी बोलणार नाहीत.

"इहीणबाई, हे चालनारे पायातून निघाले समजा. तं पयलं टेसन कोनतं?"

"जांघ."

"म्हंजे पायात पांढुर्णा, जांघेत तिगाव. तिगावच्या पुढं?"

"पुढे मग गाडी कुठेही जाते."

"म्हंजे तिगावातच काय ते समजलं पायजे." त्यांनी मान डोलावली आणि बाहेर बघत बसले. मरणाच्या गोष्टी लोक वळणं घेऊन बोलतात. त्यांनी आपल्या स्टेशनांतून बोलायचं ठरवलं.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी पाय बघितला आणि विचारलं, "कधीची?" खोलीत मी, स्वाती आणि निर्मलाबाई होतो. दौलतराव आमच्याकडे बघत म्हणाले, "पोरगी पोटात होती तवाची." मग हात वर करून मला बाहेर जायची खूण केली. विहिणीसमोर जांघ दाखवायची नव्हती. मी बाकावर जाऊन बसले आणि मला बरं वाटलं, कारण त्यांनी खरं सांगितलं होतं.

कडेचा तुकडा काढला, अवधाणात सुई घातली. तपासणीला काही दिवस लागणार होते आणि माझी रजा संपली होती. निघताना निर्मलाबाईंनी मला कोथिंबिरीच्या सांभारवड्यांचा डबा दिला. बाकरवडीचा उल्लेख कुणीच केला नाही.

पुणे

स्वाती तिकडेच राहिली होती. तिचा फोन आला तेव्हा मी सूक्ष्मदर्शकासमोर होते. कडेच्या तुकड्यात कॅन्सर निघाला होता. मी खुर्ची मागे सरकवली आणि पुढचं ऐकायच्या आधी थोडं थांबायला सांगितलं. मग ती म्हणाली, गाठीतून काढलेल्या पाण्यात फक्त लढणाऱ्या पेशी आहेत. ऑपरेशननं कडेसकट सगळं काढायचं, मांडीची कातडी तिथे लावायची, पुढेही गाठ तपासत राहायचं. पाय राहणार.

मागून आवाज आला, "दे इकडे." मग फोनवर दौलतराव.

"इहीणबाई, तिगावले कोन उतरलं?"

"पोलीस."

"आपले?"

"आपलेच." मला तेवढ्यावर सोडवेना. "पण दौलतराव, वाट चुकलेल्या पेशीही आपल्याच होत्या. बाहेरून कुणी आलं नव्हतं."

"सावरगाववालेही आपलेच सोयरे हायेत," ते म्हणाले. "तरी गोटे मारतोच न." आणि फोन परत स्वातीकडे गेला.

ऑपरेशन झालं. ते मोठी पट्टी घेऊन घरी आले तेव्हा गल्लीत बातमी पसरली होती, की यंदाचा सगळ्यांत जबर गोटा दौलतभाऊंना लागला, नागपूरला न्यावं लागलं. ओट्यावर इतकी माणसं कधी जमली नव्हती. स्वाती सांगते, बाबा थोडा वेळ ऐकत बसले आणि मग म्हणाले, "गोटा यंदाचा नाई. पोरीच्या जन्माआधीचा हाये. म्या दर साली खोटी पट्टी बांधून घेत होतो." दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा होता, तिसऱ्याही. मग एका दुपारी पलीकडचा एक जण एकटाच आला, दार लोटून घेतलं आणि पायजमा वर केला. दौलतरावांनी त्याला नागपूरच्या डॉक्टरबाईंचा पत्ता सांगितला.

पट्टी सोडल्यावर स्वातीनं मला फोटो पाठवला. मांडीची कातडी जाळीसारखी करून लावतात, म्हणजे थोड्या कातडीत मोठी जागा झाकते. जाळीची भोकं मग बाजूच्या पेशींनी चालत येऊन भरायची असतात. मी फोटो मोठा केला. व्याह्यांचा पाय मी आता बिनधास्त बघत होते. भोकांच्या कडा पातळ होत्या, फिकट गुलाबी, उताराच्या, सायीसारख्या. काही भोकं मिटली होती. काही अर्धी.

फोन वाजला.

"काय दिसून राहिलं, इहीणबाई?"

"चालून राहिल्या."

"अन् थांबतीन कवा?"

मी पुन्हा फोटोकडे पाहिलं. एका भोकाच्या दोन्ही कडा आता केसाएवढ्या अंतरावर आल्या होत्या.

"भेटल्या की," मी म्हटलं.